मैत्रीने खेळवलेला हिवाळा

कंपनीच्या बसच्या काचा सकाळी आतून धुरकट व्हायला लागल्या की समजावं, थंडी आली. मोशीच्या स्टॉपवर आधी स्वेटर दिसतात, मग कानाला गुंडाळलेले स्कार्फ, आणि मग एके दिवशी बोलताना प्रत्येकीच्या तोंडातून वाफ निघते. इंद्रायणीवरून धुकं वर सरकतं आणि नव्या इमारतींचे वरचे मजले त्यात नाहीसे होतात. त्या वरच्या फ्लॅटसाठी लोकांनी जास्तीचे पैसे भरलेत, याचं मला उगाच हसू येतं. बस चाकणच्या अंगाला लागली की थंड हवेतून कांद्याचा वास येतो. वाटेत ट्रकच्या रांगेत अडकलो तर तो वास अंगाला चिकटून थेट ऑफिसात येतो.

मी कंपनीच्या टाइम ऑफिसात काम करते. थंडी मला तिथेही दिसते. पहिल्या शिफ्टचे लोक हजेरीचं कार्ड पंच करायला उशीर करतात आणि सगळ्यांच्या सबबी एकसारख्या असतात. "मॅडम, गाडी स्टार्टच होईना." मी मान हलवते. माझं निम्मं लक्ष तोवर हिवाळ्यात गेलेलं असतं. या हिवाळ्यात नाही, त्या हिवाळ्यात.

कुणाला थंडीत हुरडा आठवतो, कुणाला शेकोटी. मला माझी भाची आठवते, मैत्री. माझ्या दादाची मुलगी. तिला जाऊन आता काही वर्षं झाली. सोळावं पुरं व्हायच्या आत हाडाच्या कॅन्सरने गेली. हे मी आधीच लिहून टाकते, कारण पुढे जे सांगायचंय ते बरंचसं हसण्याचं आहे, आणि हे वाक्य शेवटासाठी राखून ठेवलेलं मैत्रीला आवडलं नसतं. तिला निकाल आधी सांगून मग मॅच रंगवायची सवय होती. शाळेतून यायची, दप्तर सोफ्यावर फेकायची आणि म्हणायची, "हरलो. पण आत्या, तू ऐक तर."

ती खो-खो खेळायची. खेळायची म्हणजे दुसरं काही करायचीच नाही. आम्ही एकाच इमारतीत राहतो, दादा-वहिनी चौथ्या मजल्यावर आणि मी तिसऱ्यावर, त्यामुळे जिन्यातले तिचे पाय मला ओळखू यायचे. लिफ्ट तिने कधी वापरलीच नाही. जिन्याच्या वळणावर कठड्याला एका हाताने धरून ती अशी गर्रकन फिरायची की समोरून येणारा माणूस भिंतीला चिकटायचा. "पोलचा सराव आहे," असं ती वर जाता जाता ओरडून सांगायची. तिचे गुडघे कायम सोललेले असत. वहिनी हळद लावता लावता म्हणायची, "मुलगी आहेस की रेडा?" आणि मैत्री गंभीरपणे विचारायची, "रेडा सूर मारतो का गं?"

त्यामुळे डावा गुडघा दुखायला लागला तेव्हा कुणी फार मनावर घेतलं नाही. खेळणाऱ्या मुलीचा गुडघा दुखणारच. बाम झाला, बर्फ झाला, पट्टा झाला. सूज उतरेना तेव्हा एक्स-रे काढला, आणि मग पुण्यातल्या मोठ्या हॉस्पिटलात तपासण्या सुरू झाल्या. त्या उन्हाळ्याबद्दल आणि पावसाळ्याबद्दल मी फार लिहिणार नाही. केमो झाली, ऑपरेशन झालं, पुन्हा केमो. गुडघ्याच्या जागी धातूचा सांधा बसवला. शुद्धीवर आल्यावर थोड्या वेळाने तिने दादाला जवळ बोलावलं. दादा चाकणला प्रेस शॉपमध्ये आहे, आयुष्यभर लोखंडाशी खेळलेला माणूस. मैत्रीने बारीक आवाजात विचारलं, "बाबा, तुमच्या कंपनीचा माल नाही ना घातलाय?"

दादा म्हणाला, "नाही गं. हा चांगला आहे."

"मग ठीक आहे," म्हणाली, आणि झोपली. दादा बाहेर येऊन भिंतीला टेकून हसत राहिला. हसता हसता रडला, पण आधी हसला, हे मी पाहिलंय.

दिवाळी झाली आणि ती घरी आली. मधे मधे हॉस्पिटलला जायचं, पण बाकी घरीच. डोक्यावर केस नाहीत, तोंडाला मास्क, हाताशी वॉकर. वहिनीचं सगळं आयुष्य त्या दिवसांत एका थर्मामीटरभोवती फिरत होतं. मुलीला संसर्ग होऊ नये म्हणून ती दाराच्या कड्यासुद्धा पुसत बसायची. विहारात जाणं बंद, लग्नकार्य बंद, शेजारी आले तर दारातूनच बोलणं. मैत्रीला खुर्ची गॅलरीत टाकून दिली होती. गॅलरीच्या खाली हौसाबाईंचा रिकामा प्लॉट.

हौसाबाई म्हणजे मूळच्या मोशीच्या. आता आमच्या शेजारच्या इमारतीत चांगल्या तीन खोल्यांत राहतात, पण आजूबाजूची सगळी जमीन एकेकाळी त्यांचीच होती. तेवढा एक तुकडा अजून बांधायचा राहिला होता. त्याला सगळे प्लॉट म्हणायचे, हौसाबाई वावरच म्हणायच्या. कडेला त्या हरभरा लावायच्या, आणि थंडीत त्याचे हिरवे डहाळे उपटून ओळखीच्यांना वाटायच्या.

मी कामावरून आले की त्या वावराच्या कडेने घरी यायची. एके दिवशी वरून आवाज आला, "आत्या, तू बदकासारखी चालतेस."

मी वर पाहिलं. मास्कच्या वर दोन डोळे.

"दिवसभर बसून असते मी," मी खालून म्हणाले.

"मग पळ. त्या बाभळीपर्यंत पळत जा आणि ये."

मी साडीत होते, खांद्याला पर्स, हातात भाजीची पिशवी. आजारी पोरीला नाही म्हणवेना म्हणून पळाले. बाभळीपर्यंत पोचेस्तोवर पिशवीतून मटाराच्या शेंगा सांडत गेल्या. वरून इतकं खदखदून हसणं ऐकू आलं की वहिनी घाबरून गॅलरीत आली. कित्येक महिन्यांत त्या घरातून असा आवाज आला नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी पंजाबी ड्रेस घालून कामावर गेले.

पुढे काय झालं ते कुणी ठरवून केलं नाही. मी पळताना पाहून रेखा आली. ती लातूरकडची, नवरा कंपनीत, नुकतीच राहायला आली होती आणि इथे तिच्याशी कुणी फारसं बोलत नव्हतं. मग बँकेतून निवृत्त झालेल्या देशपांडे काकू आल्या, कारण डॉक्टरांनी त्यांना चालायला सांगितलं होतं आणि एकटीला कंटाळा यायचा. मग आणखी काही जणी. डॉक्टरांनी मोकळ्या हवेत बसायला हरकत नाही म्हटल्यावर मैत्रीची खुर्ची खाली आली. गर्दीपासून लांब, बाभळीच्या बाजूला, पायावर चादर. वहिनी शेजारी उभी, हातात थर्मास. आणि मग एका संध्याकाळी मैत्रीने जाहीर केलं की सव्वीस जानेवारीला सोसायटीच्या कार्यक्रमात बायकांसाठी दरवर्षी संगीत खुर्ची असते, ती यंदा नको. यंदा आपली बी विंग ए विंगशी खो-खो खेळणार.

"मला उकिडवं बसताच येत न्हाई बगा," रेखा म्हणाली.

"येईल."

"माझं वय एकसष्ट आहे," देशपांडे काकू म्हणाल्या.

"काकू, तुम्ही पोलजवळ बसा. तिथे कमी पळावं लागतं," मैत्री म्हणाली. हे धादांत खोटं होतं, ते काकूंना महिनाभराने कळलं.

हौसाबाईंना जागा विचारायला मीच गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "व्हय, खेळा की. पण माझ्या हरबऱ्यात पाय पडला तर तंगडं मोडीन." मग जरा थांबून, "त्या पोरीला सांग, आमीबी येऊ बगायला."

त्यांनी दोन वासे पाठवून दिले, खुंट म्हणून पुरायला. चुन्याने रेघा आखल्या. आणि आमचा सराव सुरू झाला.

बसणं आम्हाला जमलं, उठणं जमेना. पाठीवर खो मिळाला की झटकन उठून पळायचं असतं. आमच्यातली प्रत्येक जण आधी एक हात जमिनीवर टेकायची, मग "आई गं" म्हणायची, मग ओढणी सारखी करायची आणि मग कुठे पळायची. तोवर समोरची मुलगी तीनदा फेरी मारून यायची. सरावासाठी पळायला मैत्रीने शाळेतल्या मैत्रिणी बोलावल्या होत्या. त्या पोरी आमच्यामधून वाऱ्यासारख्या जायच्या आणि वर "सॉरी काकू" म्हणायच्या.

पण त्याहून मोठी अडचण निराळीच निघाली. आमच्यातल्या कुणालाच ओरडता येत नव्हतं.

पुढचीच्या पाठीला हात लावून 'खो' म्हणायचं, एवढंच. पण ते उघड्या मैदानात, आजूबाजूच्या गॅलऱ्यांतून माणसं बघत असताना, मोठ्याने. रेखाचा खो तिच्या शेजारचीलाही ऐकू जायचा नाही. माझा खो खोकल्यासारखा यायचा. देशपांडे काकू तर पाठीवर हलकेच टिचकी मारून म्हणायच्या, "खो हं."

मैत्रीने डोक्याला हात लावला. "काकू, खो म्हणजे विनंती नाहीये. तुम्ही तिला चहा घेता का विचारत नाही आहात."

मग सरावाआधी ती आम्हाला नुसतं ओरडायला लावायची. वावराच्या मधोमध रांगेत उभ्या करून, एकेकीला. स्वतःचा आवाज केमोने बसलेला, तरी मास्क जरा सैल करून दाखवायची. पहिल्या दिवशी आम्ही हसून हसून बेजार. मग हळूहळू काहीतरी मोकळं होत गेलं. मला आठवतं, एका संध्याकाळी रेखाने असा खो ठोकला की चौथ्या मजल्यावरचं कबुतर उडालं. ती स्वतःच दचकली आणि तोंडावर हात ठेवून माझ्याकडे बघत राहिली. नंतर मला म्हणाली, "ताई, लग्न झाल्यापासून एवढ्या जोरात बोलले नव्हते बगा."

ऑफिसात मी एकदा सुपरवायझरला हाक मारली, तर सगळं टाइम ऑफिस वळून बघायला लागलं.

वहिनी मात्र या सगळ्यापासून दूर. ती खुर्चीमागे उभी राहायची. दर थोड्या वेळाने मैत्रीच्या कपाळाला हात लावायची, शाल सारखी करायची, धूळ उडाली की पुढे येऊन उभी राहायची. आम्ही कितीदा म्हटलं, ये ना गं. "मला नको," एवढंच. तिला राग नव्हता. तिचं लक्षच दुसऱ्या कशात जात नव्हतं. मुलीच्या अंगातली प्रत्येक कणकण ती आधी स्वतःच्या हाताने ओळखायची आणि मग थर्मामीटर लावायची.

मैत्रीला ते दिसायचं. एकदा आम्ही दोघीच असताना मला म्हणाली, "आत्या, आई श्वास घेते का गं मधे मधे? मला वाटतं, ती विसरते."

मधे एक आठवडा वाईट गेला. ताप आला, तिला हॉस्पिटलात न्यावं लागलं. आम्ही सराव बंद केला. दुसऱ्या दिवशी माझ्या फोनवर तिचा आवाज आला. "खेळताय ना?" मी तापाचं विचारायला लागले. "आत्या, मी इथे बसून जेलीसारखी खिचडी खातेय. तुम्ही निदान पळा." त्या संध्याकाळी आम्ही पळालो. रडत होतो की धापा टाकत होतो, ते अंधारात कुणाला कळलं नाही. हौसाबाईंनी खेळ झाल्यावर सगळ्यांना हरभऱ्याचे डहाळे दिले. आम्ही चुन्याच्या रेघेवर बसून ते सोलून खाल्ले. हाताला आंबूस खारट चव होती, ती अजून जिभेवर आहे.

सव्वीस जानेवारीला ती घरी होती. थोडी आणखी बारीक झालेली, पण घरी. डोक्याला निळा रुमाल बांधला होता, गळ्यात शाळेच्या क्रीडाशिक्षकांनी पाठवलेली शिट्टी. तिला शिट्टी वाजवायची परवानगी नव्हती, पण असल्याशिवाय कोच दिसत नाही असं तिचं म्हणणं. शेजारी हौसाबाई नवं लुगडं नेसून बसल्या होत्या.

ए विंगमध्ये सगळ्या तरुण मुली. आयटीतल्या, जिमला जाणाऱ्या. आमच्याकडे बघून त्या गोड हसल्या, आणि देशपांडे काकूंचं डोकं तिथेच फिरलं.

सुरू व्हायच्या आधी सराव करताना रेखाचा पाय मुरगळला. नऊ जणी हव्यात आणि आम्ही आठ. सगळ्या एकमेकींकडे बघायला लागल्या. मैत्रीने मान वळवून मागे पाहिलं.

"आई, तू बस."

"मला खेळता येत नाही."

"बसायचंच आहे गं फक्त. आठ जणी बसतात, एकच पळते. तुला कुणी खो देणार नाही. नुसती बस."

"आणि तुझ्यापाशी कोण?"

"मी हाय की," हौसाबाई म्हणाल्या. "दे तो थर्मास हिकडं. मी काय पोरं वाढवली न्हाईत?"

वहिनीने थर्मास दिला. शाल एकदा सारखी केली, कपाळाला एकदा हात लावला, आणि येऊन माझ्या पुढच्या चौकोनात बसली. बसताना तिने जमिनीला हात टेकला नाही, हे माझ्या तेव्हाच लक्षात यायला हवं होतं.

ए विंगची एक उंच मुलगी कुणाच्या हाती लागेना. आमच्यामधून सुईसारखी जात होती. मी पळत होते, छातीत भाता चालू होता, ती मुलगी रेघेपलीकडे गेली, आणि माझ्यापुढे वहिनीची पाठ होती. विचार करायला वेळ नव्हता. मी हात मारला आणि जिवाच्या आकांताने ओरडले, "खो."

वहिनी उठली ती सुटलीच. साडीचा काष्टा कधी खोचला होता कुणास ठाऊक. त्या मुलीने डावीकडे हुलकावणी दिली. वहिनी फसली नाही. ती मुलगी खुंटाकडे पळाली, आणि वहिनीने एका हाताने खुंट धरून गर्रकन असा फेरा घेतला आणि अशी अंग झोकून पुढे गेली की तिची बोटं त्या मुलीच्या खांद्याला लागली आणि दोघी धुळीत लोळल्या.

मग गॅलऱ्यांतून, गच्चीवरून, सगळीकडून गिल्ला झाला. दादा सुट्टीतला ओव्हरटाइम सोडून आला होता, तो नुसता डोक्यावर हात ठेवून उभा होता. आणि मैत्री खुर्चीत वाकून इतकी हसत होती की हौसाबाईंनी तिला धरून ठेवलं.

वहिनी उठली. केसांत माती, कोपर सोललेलं. आणि ती हसत होती. मुलीकडे न बघता, कपाळाला हात न लावता, स्वतःच्या खुशीत, कंबरेवर हात ठेवून. तेवढी मिनिटं ती कुणाची आई नव्हती.

आम्ही सामना हरलो. सपाटून हरलो.

नंतर मैत्रीने आईला समोर बसवून तिच्या कोपराला हळद लावली. "कुठे शिकलीस?"

"गावाला खेळायचो. सातवीपर्यंत."

"आणि मला कधी बोलली नाहीस? मी जिन्यात पडायची तेव्हा मला रेडा म्हणायचीस."

"मग काय म्हणू? मलाही माझी आई तेच म्हणायची."

त्यावर दोघी जे हसल्या ते मी दारातून पाहिलं आणि आत न जाता खाली उतरले.

त्यानंतरचं थोडक्यात सांगते. उन्हाळ्याआधी फुप्फुसात गाठी दिसल्या. ती गेली ती घरीच, तिच्या खोलीत, सकाळी, खिडकी उघडी असताना. शेवटच्या दिवसांत बोलणं कमी झालं होतं, पण संध्याकाळी वावरातून आवाज आले की तिचे डोळे खिडकीकडे वळायचे. आम्ही मुद्दाम ओरडायचो. कधीकधी खेळत नसायचो, नुसत्या उभ्या राहून ओरडायचो.

पुढच्या हिवाळ्यात खेळाचं नाव कुणी काढलं नाही. चुन्याच्या रेघा पावसात धुऊन गेल्या होत्या. आम्ही एकमेकींना स्टॉपवर भेटायचो, थंडीबद्दल बोलायचो, आणि लवकर निघायचो. मग एका संध्याकाळी हौसाबाई खराटा घेऊन वावरात उतरल्या आणि एकट्याच गवत काढायला लागल्या. मी धावत गेले.

"अहो, तुम्ही कशाला?"

"मग कोन?" त्या वर न बघता म्हणाल्या. "वावर पडीक ठिवू न्हाई. जा, बोलीव त्यांला."

एकेक जण आली. सुरुवातीला कुणाचा आवाज फुटेना. वहिनी गॅलरीत उभी होती. आम्ही तिच्याकडे बघत नव्हतो आणि सगळ्या तिलाच बघत होतो. कितीतरी दिवस ती नुसती उभी राहायची. मग एकदा रेखा मधली रेघ ओलांडून पळाली, आम्हा कुणाच्या लक्षात आलं नाही, आणि वरून खणखणीत आवाज आला, "फाऊल आहे तो. रेघ ओलांडली तिने."

सगळ्या थांबल्या.

"खाली येऊन दाखव," देशपांडे काकू वर बघून म्हणाल्या.

जिन्यात पाय वाजले. वहिनी खाली आली, रेघ कुठे ओलांडली ते दाखवलं, आणि मग परत वर गेली नाही.

लोक मला विचारतात, त्या मुलीच्या आठवणीने त्रास नाही का होत? होतो. हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमधला वास कुठे आला तर अजून मी तिथून बाहेर पडते. पण आठवण काही दवाखान्यातच राहत नाही. ती मैदानातही असते. मैत्री पंधरा वर्षं जगली, त्यातलं एक वर्ष आजारी होती, आणि त्या आजाराच्या वर्षातही एक अख्खा हिवाळा तिने आमच्याकडून खेळून घेतला. एवढा हिशेब मला पुरतो.

परवाच्या रविवारी वहिनी आणि मी पिंपरी कॅम्पात गेलो होतो. बाजार तिळाच्या लाडवांनी आणि स्वेटरांनी भरलेला, धक्के खात चालायचं. वहिनी एका बुटांच्या दुकानात शिरली. खेळाचे बूट दाखवा म्हणाली. दुकानदाराने मुलींच्या मापाचे गुलाबी पट्ट्यांचे दोनतीन जोड काढले आणि सवयीने विचारलं, "मुलीला आणलं नाही का बरोबर? माप नीट बसायला हवं."

माझा हात तिच्या पाठीकडे गेला. पण वहिनी शांतपणे स्टुलावर बसली, चप्पल काढली आणि साडी घोट्याच्या वर धरली.

"माझ्या मापाचे दाखवा," ती म्हणाली. "मी खेळते."

मग तिने ते बूट घातले, नाड्या घट्ट बांधल्या, आणि भर दुकानात, आरशासमोर, जागच्या जागी पळून पाहिलं.